माजघरातला स्टुडिओ



या मालेत गेले चार दिवस आपण विद्वानांची व्याख्याने ऐकलीत. आज त्यांच्या जागी एका साखर कारखान्यातला निवृत्त इलेक्ट्रिशियन उभा आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘‘मला एकच विषय बोलता येईल, मी माझ्या माजघरात लोकांची गाणी कशी उतरवून घेतो, हा.’’ त्यांनी मोठ्या मनाने तो मान्य केला आणि पत्रिकेत ‘निवृत्तीनंतरचे छंद’ असे छापून टाकले. ते मला थोडे खटकले. छंद म्हटला की तो केला काय अन् न केला काय, कोणाचे काही अडत नाही. माझे अडले होते, म्हणून मी यात पडलो. काय अडले होते ते आधी सांगतो. म्हणजे पुढची तारांची आणि माईकची बडबड आपण सोसाल.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, कसबा तारळ्याच्या बाजूला एका वाडीत दिलेली आहे. आज तिचे वय शहाऐंशी. २०१८ च्या दिवाळीत मी तिच्या जात्याजवळ मोबाईल ठेवला आणि चार दिवसांत मिळून सव्वादोन तास तिच्या ओव्या उतरवून घेतल्या. मोबाईलमधून त्या लॅपटॉपवरही घेतल्या. दोन प्रती झाल्या, मी निश्चिंत झालो. पुढच्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टात, पंचगंगेला महापूर आला तेव्हा मी कोल्हापुरात मुलीकडे होतो. तिचे घर तळमजल्यावर. रात्रीतून पाणी शिरले. माणसे वेळेवर बाहेर पडली. तो जुना मोबाईल आणि लॅपटॉप मात्र एकाच कपाटात, एकाच पिशवीत होते. पाणी उतरल्यावर पिशवी सापडली. आत गाळ होता. दुरुस्तीवाल्याकडे तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या वेळी त्याने पैसे घेतले नाहीत, तेव्हा मी काय समजायचे ते समजलो.

ज्या माणसाने एकतीस वर्षे कारखान्यात प्रत्येक मोटारीला जोडीची मोटार तयार ठेवली, त्याने दोन्ही प्रती एका पिशवीत ठेवाव्यात याला काय म्हणावे? आक्काला सांगितले. ती म्हणाली, ‘‘जाऊ दे, पुन्हा म्हणीन.’’ पण तोवर तिला दमा लागला होता.

आवाज राहणे किंवा न राहणे या गोष्टीला आपल्या कोल्हापूरकरांनी मोठी किंमत मोजलेली आहे. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला आणि खाँसाहेबांनी इथे राहून जयपूर घराण्याची गायकी रुजवली. ते १९४६ साली वारले. त्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी, म्हणजे १९०२ साली, कलकत्त्याला गोहरजानचे गाणे तबकडीवर उतरले होते. यंत्र होते, कंपन्या होत्या, गिऱ्हाईकही होते. परंतु खाँसाहेबांनी तबकडी दिली नाही. आज त्यांचा आवाज कसा होता हे सांगणारी पुस्तके आहेत, आवाज नाही. उलट त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात धाडली आणि ती यानांबरोबर पुढे चाललेली आहे. गुरूचा आवाज घरात नाही, शिष्येचा ग्रहांपलीकडे गेला. खाँसाहेबांचा नकार त्यांचा होता, विचारपूर्वक होता. त्यावर बोट ठेवण्याची माझी योग्यता नाही. आक्काने नकार दिलेला नव्हता. तिचे गेले ते माझ्या गैरव्यवस्थेने.

असो. आता मुद्द्यावर येतो.

ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे मी बाजूला काढले आणि सौ.ला सांगितले की वरच्या खोलीत स्टुडिओ करतो. वरची खोली म्हणजे मुलाने बांधलेली स्लॅबची, दहा बाय दहाची, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना तेलाचा रंग. घरातली सगळ्यात चांगली खोली ती. मी तिथे बसून स्वतःचा आवाज उतरवला आणि ऐकला. विहिरीत बसून बोलल्यासारखा! मला वाटले माईक वाईट आहे. दुसरा मागवला. तोच प्रकार. अडीच महिने आणि जवळजवळ आठ हजार रुपये गेल्यावर माझ्या ध्यानात आले की दोष माईकचा नव्हता, खोलीचा होता.

यातले शास्त्र अगदी साधे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा फुटांच्या खोलीत तो समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. एवढ्या थोड्या वेळात आलेला प्रतिध्वनी कानाला निराळा कळत नाही, तो मूळ आवाजात मिसळतो आणि आवाज गढूळ करतो. शिवाय प्रत्येक खोलीचे स्वतःचे स्वर असतात. दहा फुटी खोलीचा पहिला स्वर सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा आणि त्याची दुप्पट ११२. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण १०० ते १५० कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे मी तोंड उघडले की खोलीही माझ्याबरोबर बोलू लागे. त्यातून खोली चौरस, लांबी तेवढीच रुंदी; दोन्ही बाजूंच्या भिंती एकच स्वर धरून बसतात. स्टुडिओसाठी चौरस खोली कधी निवडू नये.

कोणी सांगितले, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा. मी लावले, शेजारच्या चिकनवाल्याने पुष्कळ दिले. त्यांनी फारसे काही झाले नाही. नातवंडांना मात्र गंमत वाटली आणि झुरळांनाही. पुठ्ठा पातळ, तो वरच्या पट्टीची थोडी किणकिण खातो, खालची घुमण तशीच ठेवते, आणि बाहेरचा आवाज तर मुळीच अडवत नाही. आवाज शोषणे वेगळे आणि आवाज अडवणे वेगळे, हे पैसे खर्च करण्यापूर्वी ज्याला समजले त्याचे निम्मे पैसे वाचले. शोषायला मऊ आणि जाड वस्तू लागते. अडवायला वजन लागते. जाड भिंत, फट नसलेले दार, दुहेरी काच. ते काम हजारांचे नाही, लाखांचे आहे. माझ्यासारख्याने त्याच्या नादी लागू नये.

शेवटी टाळी वाजवीत मी घरभर फिरलो. प्रत्येक खोलीत मधोमध उभे राहायचे, एक टाळी द्यायची आणि तिचे शेपूट ऐकायचे. सोप्यात किणकिण होती. स्वयंपाकघरात फ्रीज घुमत होता. माजघरात टाळी दिली आणि ती जागच्या जागी मेली. हे आमचे जुने माजघर: मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर लाकडी माळा, एका बाजूला भाताची पोती, दुसऱ्या बाजूला लाकडी पेटीवर वाकळांची चळत. खोली लांबट, चौरस नाही. स्टुडिओवाले ज्या वस्तू शहरात विकत घेतात त्या सगळ्या तिथे आईच्या वेळेपासून पडून होत्या. भाताचे पोते खालची घुमण खाते. वाकळ वरची किणकिण खाते. बांबूच्या दोन चौकटी करून त्यांवर वाकळा टाकल्या आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे व बाजूला उभ्या केल्या. पाठीमागे का, तर माईकचे तोंड तिकडे असते. खर्च शून्य. सौ.चा विरोध मात्र झाला. पाहुणे आल्यावर अंथरूण काढायला स्टुडिओ मोडावा लागतो, तो अजूनही लागतो.

खोली मिळाली, आता शांतता. राधानगरीला शांत गाव म्हणणाऱ्याने इथे ध्वनिमुद्रण करून पाहावे. जून ते सप्टेंबर पाऊस. कौलांवरचा पाऊस एक वेळ गोड वाटतो, पण आमच्या परड्यातल्या पत्र्यावरचा पाऊस म्हणजे चार महिने चाललेला ताशा. नोव्हेंबरात पाऊस संपतो तेव्हा कारखाने सुरू होतात आणि ऊसाचे ट्रॅक्टर रस्त्याने धावू लागतात. नुसते धावले तर ठीक. प्रत्येक ट्रॅक्टरवर दोन-दोन स्पीकर, आणि गाणे असे की त्यापेक्षा इंजिनाचा आवाज बरा. त्या कारखानदारीचेच अन्न मी खाल्ले आहे, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार? दिवसा वडाप आणि एस.टी.; संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मालिका. २०२० च्या टाळेबंदीत रस्ता अगदी मुका झाला होता, पण तेव्हा माझ्याकडे धड माईक नव्हता.

मी पंधरा दिवस वही घेऊन बसलो आणि तासातासाला बाहेरचे आवाज टिपले. निष्कर्ष एकच निघाला: पहाटे साडेचार ते पावणेसहा. ट्रॅक्टर थांबलेले असतात, पंखा नको असतो, पंप सुरू झालेले नसतात. नंतर काकडआरती आणि अजान, मग कोंबडी, मग एस.टी. वहीतली ही वेळ मी मोठ्या शोधाच्या आनंदाने आक्काला फोनवर सांगितली. ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘‘अरं, आमी दळायला कवा उठत हुतो?’’

आता यंत्रसामग्री. याचीच लोकांना फार उत्सुकता असते आणि यातच सांगण्यासारखे सर्वांत थोडे आहे. माझा एकूण खर्च अडतीस हजार चारशे रुपये. त्यात जुना लॅपटॉप चौदा हजार; माईकचा आवाज लॅपटॉपला समजेल अशा रूपात देणारी पेटी, तिला इंटरफेस म्हणतात, साडेअकरा हजार; माईक साडेसहा हजार; कान झाकणारा हेडफोन चार हजार; स्टँड आणि केबली चोवीसशे. वाया गेलेले आठ हजार यात धरलेले नाहीत. लॅपटॉपमध्ये ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम आहे, तो फुकट मिळतो आणि आपल्या कामाला पुरून उरतो.

माईक मुख्यतः दोन जातींचे. एक कंडेन्सर. तो फार तिखट कानाचा. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो इंटरफेसमधूनच मिळतो. दुसरा डायनॅमिक, म्हणजे आता माझ्यासमोर आहे तसला सभेतला. माझे पहिले दोन्ही माईक कंडेन्सर होते, स्वस्तातले. त्यांना आक्का ऐकू येई, तिची म्हैस ऐकू येई आणि वाडीबाहेरचे कुत्रेही ऐकू येई. शिवाय इथल्या पावसाळी हवेत त्यातला एक जुलैतच फुटाणे भाजल्यासारखा तडतडू लागला. डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरावा लागतो, आणि जवळ धरल्यामुळेच तो बाकीचे फारसे घेत नाही. ज्याची खोली चांगली नाही आणि खिसा मोठा नाही त्याने डायनॅमिक घ्यावा, असे माझे मत झाले आहे. कोणताही असो, काम झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

वीज हा माझा प्रांत, तेव्हा त्याविषयी एकच सांगतो. मुद्रणात सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर तो पन्नास कंपनांच्या आपल्या घरगुती विजेचा आहे. आधी घराचे अर्थिंग पाहा. ते ठीक असूनही आवाज राहिला तर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. पुष्कळदा एवढ्याने तो जातो. पहाटे भारनियमन असले तरी मग बिघडत नाही.

आवाजाची पातळी कशी ठेवावी हे सांगायला आपल्या गावाइतकी सोय दुसऱ्या गावाला नाही. पडद्यावर एक पट्टी हलते. तिचे वरचे टोक शून्य. आवाज शून्यापर्यंत गेला की भरले धरण. त्यावरचे पाणी कुठे जायचे? शाहू महाराजांनी सुरू केलेल्या आणि त्यांच्या पश्चात पुऱ्या झालेल्या आपल्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी भरले की आपले आपण उघडतात. या यंत्राला तसले दरवाजे नाहीत. शून्यावर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज मागाहून धड शिवता येत नाही. म्हणून गाणाऱ्याचा मोठ्यात मोठा स्वर उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील एवढी जागा वर मोकळी सोडायची. विशेषतः भजनी मंडळ आले की! आधी हळू आवाजात तपासून घेता येते, पण पखवाज तापला की बुवांना तपासणीची आठवण राहत नाही.

पखवाजावरून आठवले. आपल्या कोल्हापुरातच १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, मराठीतला पहिला. पार्श्वगायन तेव्हा रुळले नव्हते. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर बोलत, तिथेच गात, आणि वादकही तिथेच जवळपास, चित्रात येणार नाहीत असे. आवाज मागाहून कमीजास्त करण्याची सोय नाही. मग तोल कसा साधायचा? कोण माईकच्या जवळ आणि कोण लांब, एवढ्यानेच. मी आमच्या भजनी मंडळाला हेच करतो. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, दुप्पट केले की तेवढाच उतरतो. बुवा माईकपासून एक वीत, टाळकरी सहा फुटांवर, पखवाज कोपऱ्यात पोत्यांच्या बाजूला. पखवाजवाल्याला पहिल्यांदा अपमान वाटला. मग त्याने मुद्रण ऐकले, आणि आता तो स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसतो.

एक गोष्ट मला इथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे. माझे कान चांगले नाहीत. टर्बाईनच्या घरात आम्हाला कानात घालायला बोंडे मिळत. मी ती खिशात ठेवीत असे, कारण ती घातली की मोटारीचे दुखणे ऐकू येत नाही अशी माझी ऐट. त्या ऐटीची परतफेड आता चालू आहे. वरच्या पट्टीतले मला फारसे ऐकू येत नाही. पहिल्या सहा महिन्यांतली माझी सगळी मुद्रणे मला स्वच्छ वाटत. एके दिवशी नववीतल्या नातीने हेडफोन लावला आणि विचारले, ‘‘आजोबा, मागे नळ चालू होता का?’’ नळ नव्हता. स्वस्त माईकचा ‘श्श्श’ असा आवाज सगळ्या मुद्रणांत होता आणि तो मला ऐकूच येत नव्हता. तेव्हापासून ती ऐकल्याशिवाय एकही मुद्रण पक्के होत नाही. आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांनी, कारखान्यात नसला तरी, हे काम एकट्याच्या कानांवर करू नये. वय झाले की वरचे स्वर आधी जातात आणि जाताना सांगून जात नाहीत.

आता आक्काकडे परत येतो. सगळी तयारी झाल्यावर २०२२ च्या जानेवारीत मी तिला इकडे आणले. माजघरात वाकळांच्या चौकटी, खाली घोंगडे, समोर माईक, पहाटेचे पाच. म्हटले, ‘‘म्हण आक्का.’’ ती गप्प. दोन ओळी म्हणाली आणि थांबली. पुन्हा दोन ओळी, पुन्हा थांबली. मला वाटले माईकला बुजली. ती म्हणाली, ‘‘जात्याबिगर वव्या कुठनं सुचायच्या?’’ हात फिरत नव्हता म्हणून ओळ पुढे येत नव्हती. आणि जाते आणावे तर त्याची घरघर आवाजाला गिळणार. इतकी शांतता गोळा केली ती कशासाठी?

या अडचणीत मी पहिला नव्हतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांपैकी काही ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, शंभराहून अधिक तासांचे, आणि बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याने त्यात मोठे काम केले. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने ते लोकांसाठी खुले केले आहे. आपल्या नातवंडांच्या मोबाईलवर ते फुकट ऐकता येते, जरूर ऐकावे. त्यांतल्या पुष्कळ मुद्रणांत जात्याची घरघर ऐकू येते. मी ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी परड्यातले जाते उचलून माजघरात आणले.

रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासतो आणि आवाज कर्कश होतो. घासात नाचणी घातली की तो मऊ पडतो. खाली घोंगड्याची चौघडी घातली, म्हणजे जमिनीची थरथर कमी झाली. स्टँडवरचा माईक काढला आणि पदराला अडकवायचा लहान माईक नातीकडून मागून घेतला, तो आक्काच्या गळ्याखाली, तोंडापासून सहा इंचांवर. जाते तिथून अडीच-तीन फूट लांब. मघाचे सहा डेसिबलचे गणित करा: आवाज वर, घरघर खाली. आक्काने खुंटा धरला आणि पहिल्या फेऱ्यालाच ओवी आली. तीन पहाटा मिळून सत्तेचाळीस मिनिटे झाली. मधेमधे दम लागे. ती थांबे, हात मात्र फिरत राही. सव्वादोन तासांचे सत्तेचाळीस मिनिटे. जे गेले ते गेले.

पुढचा मूर्खपणा माझाच. मुद्रण आणखी स्वच्छ करावे म्हणून मी लॅपटॉपवर घरघर काढून टाकायचा उद्योग केला. तसे करता येते. नुसत्या घरघरीचा नमुना यंत्राला दाखवायचा, मग ते तेवढे वजा करते. आठवडा घालवला. आक्काचा आवाज एकटा, मागे काही नाही. मला फार अभिमान वाटला. तिला नेऊन ऐकवले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘‘ह्यात जातं कुठं हाय? मी काय भीक मागतीया व्हय?’’

मी जाते परत घातले. मूळ मुद्रण जसेच्या तसे ठेवले होते म्हणून घालता आले. मूळ प्रतीला कधी हात लावायचा नाही एवढे तरी मी तोपर्यंत शिकलो होतो. एका तासाच्या मुद्रणाला चांगल्या दर्जाची, न दाबलेली प्रत ठेवली तरी साधारण अर्धा जीबी जागा लागते; जागेची काटकसर करण्याचे कारण नाही. आता माझ्या तीन प्रती असतात: एक लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, आणि तिसरी पुण्याला मुलाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. मजला मी मुद्दाम सांगतो.

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी नाव, गाव, तारीख मोठ्याने बोलून घ्यायची. गोहरजान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत पुकारीत असे; तबकड्या जर्मनीत, हॅनोव्हरला निघत, तिथल्या माणसाला कळावे कोणाचे गाणे, एवढ्यासाठी. आपली मुद्रणे पन्नास वर्षांनी आपल्याच घरातल्या माणसाच्या हाती लागली तर तोही तितकाच परका असेल.

अजून एक सांगायचे आहे, ते सांगावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. आक्काची परवानगी घेतली आहे. तिसऱ्या पहाटे ओव्या म्हणता म्हणता ती तिच्या गेलेल्या मुलावर आली. त्या ओव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. तिच्या त्याच, तिनेच जोडलेल्या असाव्यात. चार-पाच झाल्या आणि ती म्हणाली, ‘‘ती पेटी बंद कर.’’ मी हात पुढे केला आणि पेटी बंद केल्यासारखे केले. बंद केली नाही. तिचे म्हणणे पुढे चालू राहिले, बराच वेळ, आणि मी ते घेतले. मला वाटले, एकदा पुरात घालवले आहे, आता काही घालवायचे नाही.

महिनाभर मी ते कोणाला सांगितले नाही. नातीलाही ऐकवले नाही, त्यामुळे ते पक्केही झाले नाही. शेवटी वाडीवर गेलो आणि आक्काला सांगितले. ती रागावली नाही. तिने विचारले, ‘‘किती जागी ठिवलंयस?’’ म्हटले, तीन. ‘‘तिन्ही जागचं पूस.’’ लॅपटॉपवरचे मी तिथेच तिच्यासमोर पुसले. हार्डडिस्कवरचे घरी आल्यावर. आणि तिसरे पुसण्यासाठी पुण्याला गेलो, कारण फोनवर मुलाला सांगितले असते तर त्याने आधी ऐकले असते. ते अकरा मिनिटांचे होते. त्यात तिचा आवाज कसा लागला होता ते मला ठाऊक आहे. आता तेवढे एकट्या मला ठाऊक आहे, आणि माझे कान कसे आहेत ते मी मघाशी सांगितलेच.

तेव्हापासून मुद्रण करताना हेडफोन गाणाऱ्याच्या समोर काढून ठेवतो आणि इंटरफेसचा लाल दिवा त्याच्याकडे वळवून ठेवतो. थांब म्हटले की तार उपसतो. बटण दाबीत नाही, तार उपसलेली दिसते. कोणाचे गाणे कोणाला ऐकवायचे हे आधी विचारतो आणि त्यांचे उत्तर मुद्रणातच घेतो. काही माणसे म्हणतात, जगाला ऐकवा. धनगरवाड्यातले एक आजोबा म्हणाले, ‘‘माझ्या माघारी ऐकवा.’’ त्यांची प्रत पाकिटात बंद करून त्यांच्याच थोरल्याकडे दिली आहे.

पैसा यातून मिळतो काय, असे पुष्कळजण विचारतात. नाही. एका दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी दोन पुस्तके वाचून दिली, त्याच्या वडिलांनी काजू आणून दिले. एका लग्नपत्रिकेची जाहिरात बोलून दिली, त्याचे पाचशे मिळाले. वीजबिल भागते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी म्हणणारे, सांगणारे, वाजवणारे म्हातारे माणूस असेल तर माझे माजघर उघडे आहे. पहाटे पाचला यावे लागेल. मोबाईल घरी ठेवून यावे. जाते आमच्याकडे आहे, नाचणी मात्र आपली आणावी. आणि ज्यांना स्वतःच्याच घरी हे करायचे आहे त्यांनी काही विकत घेण्यापूर्वी मला बोलवावे. मी येऊन टाळी वाजवून जाईन.

आक्काने या सभेत तीन ओव्या ऐकवण्याची परवानगी दिली आहे, तीनच. जात्यासकट आहेत. चिटणीससाहेब, खिडकीकडचे दोन पंखे आणि व्यासपीठावरचा हा एक पंखा तेवढा बंद करायला सांगावा.